गवतावरची चूल

"दादा, हे काय चाललंय?"

दादानं मान वर केली नाही. उजव्या हातात भाऊंची हातोडी, डाव्या हातात दीड इंची पाइपचा वीतभर तुकडा, आणि तो उकिडवा बसून तो तुकडा आमच्या वडिलांच्या हिरवळीत ठोकत होता. चार घाव घातले की पाइप पिळून वर ओढायचा, मागून काठीनं ढकलायचं, की साच्यातून मोदक सुटावा तसा मातीसकट गवताचा ठोंब बाहेर पडायचा.

"लॉन दुरुस्त करतोय," तो म्हणाला. "दिसत नाही?"

दिसत होतं म्हणून तर विचारलं होतं. भाऊ, म्हणजे आमचे वडील, जाऊन तो चौथा दिवस. जानेवारीतली सकाळ, साडेसात वाजलेले, गवतावर दव. आणि त्या हिरव्यागार गवताच्या बरोबर मधोमध, दोन पराती मावतील एवढं काळंठिक्कर वर्तुळ. भाऊंना अखेरची आंघोळ घालायला पाणी तापवलं, त्या तीन विटांच्या चुलीची ती जागा. विटा कुणीतरी उचलून कुंपणाशी रचल्या होत्या, राख तशीच होती.

मी पायरीवरून खाली उतरले. चप्पल घालून, थेट गवतावर. अकरा वर्षं त्या घरात राहून मी त्या गवतावर पाऊल टाकलं नव्हतं. ते पहिलं.

हे चपलेचं का सांगतेय ते कळायला आमचे भाऊ माहीत हवेत. सांगलीतली आमची कॉलनी साधी. प्रत्येक घरापुढं दोन नारळ, एक तुळस, एक स्कूटर. गवत फक्त आमच्याकडं. भाऊ पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होते. निवृत्तीच्या दिवशी लोक शाल-श्रीफळ घेऊन घरी येतात; भाऊ धरणावरच्या विश्रामगृहाच्या माळ्याकडून डबाभर गवत घेऊन आले. जेवणाच्या तीन पुडांच्या डब्यात, ओल्या फडक्यात गुंडाळून. मग दोरी लावून, वीत-वीत अंतरावर एकेक ठोंब लावला. दोन ठोंबांमधली माती झाकायला गवताला दोन वर्षं लागली. ती दोन वर्षं भाऊ रोज सकाळी ते मोजायचे. त्यानंतरची बारा वर्षं त्यांनी ते राखलं, आणि एकच नियम केला: गवतावर अनवाणी. बाकी कसलीही अट नाही, पण चप्पल नाही. ते खिडकीशी पेपर वाचत बसायचे आणि कुणी फाटकातून आत आलं की पेपरामागून एकच शब्द यायचा, "चप्पल!" पोस्टमन पत्रं फाटकावरूनच भिरकावायचा. दादाचे सासरे लग्नाची बोलणी करायला आले तेव्हा त्यांनाही हा शब्द ऐकावा लागला. त्यांच्या मोज्याला भोक होतं हे दोन्ही घरांना त्या दिवशी कळलं.

"बघ तरी काय करतोयस ते," मी दादाला म्हटलं. "सगळे ठोंब एकाच जागेतून काढलेस. तिकडं बघ, भोकंच भोकं. एक टक्कल झाकायला दुसरं टक्कल पाडलंस."

"भरेल ते."

"ते भरायला एकाआड एक काढायचं असतं, वीतभर सोडून. भाऊ सुतळी धरून काढायचे. आणि हे राखेतच खोचलेस?"

"मग कुठं खोचू? जळालंय तिथंच लावणार ना?"

"राख आधी खरवडून काढतात. दोन बोटं माती काढून नवी घालतात."

"तुला एवढं येतंय तर तू कर." त्यानं हातोडी माझ्याकडं धरली. "अकरा वर्षं इथं राहतेस, एकदा पाणी तरी घातलंस या लॉनला?"

नव्हतं घातलं. पण ही नोंद त्यानं काढावी याचा मला संताप आला. दादा पुण्यात, मोठ्या कंपनीत. वर्षातून तीनदा यायचा, प्रत्येक वेळी अडीच दिवस. मी हे नीट सांगू शकते, कारण मी तेव्हा एस.टी. डेपोच्या भांडारात नोकरीला होते. कुठला बोल्ट कुठल्या खणात, किती आले, किती गेले, शिल्लक किती, हे मला रजिस्टर न उघडता सांगता यायचं. माणसांचंही माझ्या डोक्यात तसंच आहे. कोण कधी काय बोललं, ते खणाखणात लावून ठेवलेलं. भाऊ गेल्यावर चार दिवसांत त्रेसष्ट माणसं भेटायला आली. त्यांतल्या एकेचाळीस जणांनी वय विचारलं. सव्वीस जण ते काळं वर्तुळ बघून "अरेरे" म्हणाले, आणि त्यातल्या निम्म्यांचं ते "अरेरे" भाऊंसाठी म्हटलेल्यापेक्षा जास्त मनापासूनचं होतं. दादाच्या खणात "लोक येतील" हे शब्द नऊ वेळा जमा होते. दहाव्याला लोक येतील, तेराव्याला लोक येतील, ऑफिसचे लोक पुण्याहून येतील. म्हणून लॉन. मी ते सगळं जुळवून ठेवलं होतं.

"कुणाला दाखवायचंय?" मी म्हटलं. "साहेब येणार आहेत तुझे?"

"तोंड सांभाळ."

"चार दिवस झाले नाहीत अजून. त्यांच्या आंघोळीची जागा पुसायला निघालास?"

"पुसायला? मी लॉन नीट करतोय!"

"दहाव्यापर्यंत चुलीची जागा मोडत नाहीत."

दादाचा हात थांबला. "असं कुठं आहे?"

"असतं."

"कुणी सांगितलं?"

"सांगावं लागत नाही. माहीत असतं माणसाला."

असा काही नियम नव्हता. मी तो त्याच क्षणी बनवला. पण पुण्यातल्या माणसाला गावाकडच्या रितींची भीती असते. दादा पाइप हातात धरून बसून राहिला. ते काळं वर्तुळ आणखी सहा दिवस तसंच राहिलं असतं. मला तेच हवं होतं.

तेवढ्यात फाटक वाजलं. बापू माने आले. हातात पितळी डबा, खांद्यावर टॉवेल, अनवाणी. त्यांनी चप्पल फाटकातच काढली होती.

बापू आमचे शेजारी. एस.टी.त ड्रायव्हर होते, निवृत्त झाल्यावर पलीकडचं घर बांधलं. त्यांच्या अंगणात हरळी माजलेली, आणि ती हरळी कुंपणाखालून आमच्या गवतात घुसायची. भाऊंचं विश्रामगृहातलं गवत नाजूक, बारीक पानाचं. हरळी राकट, जमिनीला धरून पळणारी. भाऊंनी त्या हरळीला नाव ठेवलं होतं, "माने". संध्याकाळी खुरपं धुताना सांगायचे, "आज सात माने उपटले." तरी भाऊंना ज्या पहाटे झटका आला त्या पहाटे कुंपणावरून उडी मारून आले ते बापूच. डॉक्टर आणला त्यांनी, पुढचं सगळं सामान आणलं त्यांनी, पाणी तापवलं त्यांनी. आणि दादा पुण्याहून पोचेपर्यंत मडकं तयार करून ठेवलं तेही त्यांनीच.

"उप्पीट आणलंय," बापू म्हणाले. "गरम हाय तोवर खाऊन घ्या. आईंना पण चार घास द्या." मग त्यांनी खाली बघितलं. "हे काय मांडलंय मुकुंदराव? राखंत मूळ धरायचं न्हाई ओ. आधी ती खरवडून—"

"तुम्ही मला शिकवू नका," दादा म्हणाला.

तो उभा राहिला. गुडघ्यांना राख लागलेली. माझ्यावर काढता न आलेला राग त्याच्या तोंडावर तसाच होता, आणि समोर बापू उभे होते.

"ही चूल कुणी मांडली?"

बापूंनी डबा या हातातून त्या हातात घेतला.

"मी आलो तेव्हा सगळं आटपलेलं होतं, म्हणून विचारतोय. पाणी तुम्ही तापवलंत ना? मग हे काय केलंत?"

"मुकुंदराव—"

"फाटकापासून पायरीपर्यंत बारा फूट फरशी आहे. बारा फूट! तिथं चूल मांडता आली नाही? चौदा वर्षं या माणसानं इथं कुणाला चप्पल घालून येऊ दिलं नाही, आणि तुम्ही त्यांच्या डोळ्यांदेखत," इथं त्याला आपण काय बोललो ते कळलं आणि त्याचा राग आणखी वाढला, "ते आत पडलेले असताना, त्यांच्या गवतावर लाकडं पेटवलीत? मधोमध?"

बापूंनी माझ्याकडं बघितलं.

एकदाच. फार वेळ नाही. बसमध्ये कंडक्टरनं घंटीच्या दोरीला हात घातला का, हे बघायला ड्रायव्हर आरशात बघतो तेवढंच. मी नळाजवळचा पाइप गुंडाळत होते. गुंडाळलेलाच पाइप होता तो. मी तो पुन्हा गुंडाळत होते.

"चुकलं बघा माझं," बापू म्हणाले. "गडबडीत ध्यानात आलं न्हाई."

"ध्यानात आलं नाही की बरी संधी मिळाली? तुमची हरळी उपटायचे ना ते. चौदा वर्षांचं उट्टं काढलंत!"

बापूंचा हात डब्याच्या झाकणावर होता. ते झाकण त्यांनी उगीचच घट्ट दाबलं. सत्तरीचा माणूस. चार दिवस आमच्या घरासाठी पळत होता. कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मला दिसल्या.

"तसं न्हाई ओ," ते हळू आवाजात म्हणाले. "तसं नका म्हणू."

दादाची वाक्यं मी मोजत होते. मला न मोजता येत नाही. तो थांबला, आणि आता बोलायची पाळी माझी होती. ते मला कळलं, बापूंना कळलं. मी पुढं झाले, बापूंच्या हातातून डबा घेतला आणि आत गेले.

पुढच्या खोलीत बुटक्या खिडकीशी आई चटईवर बसली होती. भाऊंना निजवलं होतं त्या जागी आता दिवा होता. आई चार दिवस त्या दिव्याशेजारून हलली नव्हती. बोललीही नव्हती फारशी. आमची आई मुळातच कमी बोलायची. घरात बोलायचं काम भाऊंकडं होतं आणि त्यांनी ते एका शब्दावर आणून ठेवलं होतं.

"बापूंनी उप्पीट आणलंय," मी म्हटलं. "थोडं खातेस का?"

"डबा खाली ठेव."

मी ठेवला.

"तिथं चूल मांडायला कुणी सांगितलं होतं?"

"ऐकलंस ना तू. बापू म्हणाले, गडबडीत—"

"बापू आत्ता काय म्हणाले ते ऐकलं," आई म्हणाली. "आणि त्या दिवशी काय म्हणाले तेही ऐकलं. मी इथंच होते. ते इथं निजलेले, मी शेजारी. खिडकी उघडी होती. बापूंनी तुला विचारलं, ताई, चूल फरशीवर मांडू का? तू काय म्हणालीस?"

मी डब्याचं झाकण काढून पुन्हा लावलं.

"सांग ना. तुझ्या तर सगळं लक्षात असतं."

"गवतावर मांडा म्हणाले."

"ते म्हणाले, अहो, भाऊसाहेबांचं गवत हाय. मग?"

"मधोमध मांडा म्हणाले."

ते शब्द माझ्या तोंडून बाहेर पडले आणि खोलीत तसेच राहिले. बाहेर दादा पुन्हा ठोकायला लागला होता. ठक, ठक.

"मला वाटलं, दुःखात बोलतेय," आई म्हणाली. "मग तुझं तोंड बघितलं."

तेव्हा मात्र माझा तोल गेला. अकरा वर्षं ज्या खणाला मी कुलूप लावलं होतं तो खण मी आईपुढं उपडा केला. मी म्हटलं, मी कराडहून आले तो दिवस आठवतोय का तुला? सासर कायमचं सोडून. रिक्षात एक ट्रंक, एक पिशवी आणि मी. रिक्षावाल्यानं ट्रंक उतरवली ती गवतावर. भाऊ तिथंच होते, पाण्याचा पाइप हातात धरून. माझ्या गालावर काय होतं ते त्यांना दिसत होतं, आंधळे नव्हते ते. आणि ते मला काय म्हणाले? ये म्हणाले नाहीत. काय झालं म्हणाले नाहीत. म्हणाले, आधी ती ट्रंक गवतावरून उचल. बस्स, एवढंच! पुन्हा पाणी घालायला लागले. मी ट्रंक उचलली. एकटीनं. अकरा वर्षांत त्यांनी एकदाही विचारलं नाही, का आलीस. ट्रंक होती तिथलं चेपलेलं गवत मात्र दुसऱ्या दिवशी बदललं. चार ठोंब लावले. मी मोजले होते.

"मला ठाऊक आहे," आई म्हणाली. "मी दारात होते."

"मग तू का नाही बोललीस काही?"

"नाही बोलले."

"का?"

"धीर झाला नाही." तिनं दिव्याची वात सारली. "त्यांच्यावर राग धर. ते होतेच तसे. माझ्यावर धर, तो तुझा हक्क आहे. पण त्या बापूंनी तुझं काय केलंय? ते तुझ्यासाठी खाली मान घालून उभे आहेत आणि तू उप्पिटाचा डबा घेऊन आत आलीस. त्या दिवशी तुझे वडील पाइप धरून उभे होते. तू आज काय वेगळं केलंस?"

"दादाला काय, लोकांना दाखवायला—"

"मुकुंदाला मी सांगितलंय." आईचा आवाज चढला. मी तो चढलेला कधी ऐकला नव्हता. "मी पहाटे हाक मारून उठवलं त्याला. म्हटलं, मला खिडकीतून ते काळं बघवत नाही, काहीतरी कर. त्याला काय येतंय? सकाळपासून गुडघ्यावर बसून करतोय बिचारा, जसं जमेल तसं. आणि तू त्याला कुठला नियम सांगत होतीस? चुलीची जागा मोडत नाहीत म्हणे. कुणाच्या घरचा नियम हा?"

मी डबा उगीचच भिंतीशी सरकवला.

"ते त्यांचं गवत राखत होते," आई म्हणाली, "आणि तू त्यांचं ते एक वाक्य राखत होतीस. रोज पाणी घालून. घातलं नसतंस तर कधीच वाळून गेलं असतं."

आईच्या तोंडून असलं काही ऐकायची मला सवय नव्हती. मला पटलं नाही. मला राग आला, आणि तो आजही पुरता गेलेला नाही. वाळून का जाईल? जाऊ का द्यायचं मी? पण दादाच्या खणात मी नऊ वेळा चुकीची नोंद केली होती, आणि माझ्या स्वतःच्या नावावर एकही नव्हती, हे मला दिसलं. भांडार सांभाळणाऱ्या माणसाला हे कुणी दुसऱ्यानं दाखवावं लागतं यापेक्षा मोठी नामुष्की नाही.

मी बाहेर आले. दादा राखेत ठोंब दाबत होता आणि बापू अजून तिथंच, वर्तुळाच्या कडेला, हात पाठीमागं बांधून उभे.

"मी सांगितलं होतं," मी म्हटलं.

दादानं वर बघितलं. "काय?"

"चूल. बापू फरशीवरच मांडत होते. मी गवतावर मांडा म्हटलं. ते नको म्हणाले, तर मी मधोमध मांडा म्हटलं."

"ताई, जाऊ द्या की," बापू पुटपुटले.

दादा उठून उभा राहिला. "आणि मघाशी मी ह्यांना एवढं बोललो तेव्हा तू इथं उभी होतीस."

"होते."

"पाइप गुंडाळत."

"हो."

"का?" तो ओरडला. "का पण?"

"एका ट्रंकेपायी."

त्याला काही कळलं नाही. तो त्या दिवशी पुण्यात होता. आमच्या घरातल्या बहुतेक दिवशी तो पुण्यातच असायचा. ते मी तेव्हा समजावून सांगितलं नाही आणि त्यानंही पुन्हा कधी विचारलं नाही. आमच्याकडं तसंच असतं.

"बापूंची माफी माग," तो म्हणाला.

"तू माग आधी. संधी साधली, उट्टं काढलं, हे मी नाही म्हटलं."

"तुझ्यामुळं म्हटलं मी!"

"तोंड तुझं होतं!"

"अहो," बापू मध्येच म्हणाले, "मला कुणाची माफी नगं. मला कुणीतरी घमेलं द्या. ऊन चढाय लागलं."

आम्ही दोघंही घमेलं आणायला धावलो. मिळालं मला. दादा खुरपं घेऊन आला.

बापूंनी टॉवेल डोक्याला गुंडाळला आणि खाली बसले. दादानं राखेत खोचलेले ठोंब त्यांनी एकेक करून उपटले. एक उचलून त्याची मुळं दादाला दाखवली. ती आताच तांबूस पडायला लागली होती. मग राख खरवडली, खालची भाजलेली माती काढली, तीन घमेली. दादा ती नेऊन नारळाच्या आळ्यात टाकत होता. मी परसातून लाल माती आणली, शेणखत आणलं. दादा माझ्या हातातलं घमेलं असं हिसकावून घ्यायचा की निम्मी माती बाहेर सांडायची, आणि मी ती सांडलेली माती त्याच्या पायांजवळ असं लोटायची की तिच्यातून त्याला माझं मत कळावं.

"आता ठोंब कुठनं काढायचे?" बापूंनी विचारलं. दादानं भोकं पाडलेल्या भागाकडं त्यांनी बघितलं आणि मान हलवली. "हितनं आता न्हाई काढता येणार. हे आधीच मेल्यात जमा हाय. थांबा."

ते त्यांच्या अंगणात गेले. परत आले तेव्हा घमेल्यात हरळीचे ठोंब होते. राकट, लांब मुळ्यांचे, मातीला धरून बसलेले.

दादा एकदम म्हणाला, "बापू, हे तर मा—" आणि थांबला.

"माने," बापू म्हणाले. "म्हाईत हाय मला. भाऊसाहेब कुंपणावरनं वरडून सांगायचे, बापू, आज नऊ गेले. मी म्हणायचो, उद्या धा येतील." ते हसले, आणि हसता हसता त्यांनी टॉवेलचं टोक डोळ्याला लावलं. "भाजल्या जाग्यावर दुसरं काय येत न्हाई, साहेब. हेच येतं. नगं असंल तर ऱ्हाऊ द्या."

दादानं खिडकीकडं बघितलं. आई उभी होती. चार दिवसांत पहिल्यांदा उभी होती. गजांना धरून.

"लावा," आई म्हणाली.

बापू एक ठोंब लावायचे, टाचेनं दाबायचे, मग दादा एक. दादाला आता जमायला लागलं होतं. तो मध्येच बापूंना म्हणाला, "मघाशी मी जे बोललो ना बापू..." आणि बापू म्हणाले, "वीतभर सोडा की ओ, लई जवळ घेताय." तिथंच ते संपलं.

त्या हरळीनं पंधरा दिवसांत मूळ धरलं. पुढं ते वर्तुळ कायम वेगळंच दिसत राहिलं. भाऊंचं गवत पोपटी, हे काळपट हिरवं. आल्यागेल्याला वाटायचं तिथं काहीतरी पुरलंय. दोन वर्षांत हरळी वर्तुळाबाहेर पडली, पाच वर्षांत निम्म्या अंगणात पसरली. आज सोळा वर्षं झाली. भाऊंच्या त्या डबाभर गवताची एक काडी शिल्लक नाही. सगळं अंगण मान्यांचं आहे. बापू नाहीत, आई नाही. पाणी मी घालते. घालायला लागत नाही, हरळीच ती, तरी घालते.

त्या सकाळी मात्र शेवटचे सात-आठ ठोंब उरले होते. बापूंची कंबर धरली होती, दादाच्या हाताला फोड आले होते. बापूंनी पाइपचा तुकडा माझ्यापुढं केला. "ताई, हे तुमी लावा."

मी घेतला. नको म्हणायला तोंड राहिलं नव्हतं. वर्तुळाकडं जायला म्हणून मी गवतावर पाय टाकला.

"चप्पल!"

खिडकीतून आईचा आवाज. तोच सूर, तोच झटका. पेपर तेवढा हातात नव्हता.

दादा खाली बघायला लागला. बापू आभाळाकडं. मला असा संताप आला की ती चप्पल काढून फाटकाबाहेर फेकावी. मी तिथंच उभी राहिले. दहा आकडे मोजले. पुन्हा दहा मोजले. आई गज धरून वाट बघत होती. तिला घाई नव्हती.

मी चप्पल काढली, फरशीवर नेऊन जोडीनं ठेवली, आणि परत आले. गवत गार होतं. इतकं गार असेल असं मला वाटलं नव्हतं.

"आता लाव," आई म्हणाली.